सुतक नसलेलं दुःख

29 ऑगस्ट 2024ची संध्याकाळ. न्यू जर्सीच्या सेलम काउंटीत, शेतांमधून जाणाऱ्या एका साध्याशा रस्त्यावर दोघे भाऊ सायकलवरून चालले होते. थोरला जॉनी गुड्रो, वय 31, बर्फावरच्या हॉकीतला नावाजलेला खेळाडू. धाकटा मॅथ्यू, वय 29. दुसऱ्या दिवशी फिलाडेल्फियात बहिणीचं लग्न होतं. मागून आलेल्या गाडीनं दोघांना उडवलं आणि दोघेही गेले. चालक दारू प्यायलेला होता असा पोलिसांचा आरोप. त्याचं काय करायचं ते कोर्ट बघेल, मला त्याच्याबद्दल काही लिहायचं नाही.

लिहायचंय ते पुढच्या काही आठवड्यांत जे लोक रडले त्यांच्याबद्दल. आईवडील, बायका, बहिणी यांच्याबद्दल नव्हे. त्यांच्या दुःखात डोकावायचा हक्क आपल्याला नाही. ज्यांचं जॉनीशी रक्ताचं सोडाच, साधं ओळखीचंही नातं नव्हतं, असे हजारो लोक. त्यांत मीही आले. सकाळी बातमी वाचली आणि ऑफिसच्या गाडीत बसल्यावर डोळे पुसत राहिले. संध्याकाळी आईचा सांगलीहून फोन आला तेव्हा माझा आवाज ऐकून ती घाबरलीच. काय झालं ते सांगितल्यावर थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "अगं, पण तुझा कोण लागत होता तो?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मला फोनवर देता आलं नाही.

मी बॉस्टनला शिकायला आले ते 2011 साली. हॉकी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ध्यानचंद, हिरवं मैदान आणि वाकलेली काठी. बर्फावरची हॉकी म्हणजे हेल्मेट घालून केलेली मारामारी, एवढीच समजूत. राहायला जागा मिळाली ट्रामच्या हिरव्या मार्गावर. त्याच्या एका फाट्याचं शेवटचं स्टेशन बॉस्टन कॉलेज. माझं विद्यापीठ वेगळं, पण घरात जी मुलगी भागीदार होती ती कट्टर बॉस्टन कॉलेजवाली. तिनं एका शुक्रवारी रात्री मला ओढत कॉन्टे फोरममध्ये, म्हणजे त्यांच्या हॉकीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये नेलं. बाहेर थंडी आणि आत गेलं तर आणखी थंडी, हे मला पैसे देऊन फसवल्यासारखं वाटलं.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचं प्रस्थ काय असतं हे आपल्याला पटकन कळत नाही. आपल्याकडे कॉलेजच्या टीमची मॅच असली की टीममधल्या पोरांचे चार मित्र, एक कंटाळलेले सर आणि मैदानातली कुत्री, एवढा प्रेक्षकवर्ग. इथे सत्तरीचे माजी विद्यार्थी सीझनचं तिकीट काढून येतात, नातवंडांना घेऊन येतात, आणि पिवळे टीशर्ट घातलेली विद्यार्थ्यांची पलटण पहिल्या मिनिटापासून उभी राहून ओरडत असते. फेब्रुवारीच्या पहिल्या दोन सोमवारी बॉस्टनची चार कॉलेजं – बॉस्टन कॉलेज, बॉस्टन युनिव्हर्सिटी, हार्वर्ड, नॉर्थईस्टर्न – बीनपॉट नावाच्या एका भांड्यासाठी झुंजतात. त्या दिवशी शहरात दुसरा विषय नसतो.

त्या रात्री मी 13 नंबरचा पोरगा पहिल्यांदा पाहिला. मला वाटलं, हा कुणाचा तरी धाकटा भाऊ, चुकून बर्फावर उतरलाय. जर्सी हँगरला अडकवल्यासारखी अंगावर लोंबत होती. त्याच उन्हाळ्यात कॅनडातल्या कॅलगरी फ्लेम्स या व्यावसायिक संघानं त्याला निवडलं होतं, तेही 104व्या क्रमांकावर, कारण साडेपाच फुटांच्या आणि जेमतेम बासष्ट किलोंच्या पोराला या खेळात कोण विचारतो? इथे सव्वासहा फुटी रेडे ताशी वीस मैलांहून जास्त वेगानं अंगावर येतात.

तो काय करायचा ते सांगते, कारण सगळा जीव त्यातच होता. रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, आडव्या दोन निळ्या रेघा असतात. पक, म्हणजे रबराची चपटी चकती, घेऊन समोरची रेघ ओलांडली की तुम्ही शत्रूच्या मुलखात. तिथे बहुतेक खेळाडू एक तर मुसंडी मारतात, नाही तर पक पुढे कोपऱ्यात भिरकावून त्याच्यामागे पळतात. हा रेघ ओलांडायचा आणि चक्क रेंगाळायचा. एक छोटा वळसा घेऊन तोंड उलट्या दिशेला करायचा. त्याला चिरडायला निघालेला बचावपटू स्वतःच्याच वेगानं पुढे वाहून जायचा, आणि त्यानं मागे सोडलेल्या मोकळ्या जागेत हा शांतपणे मान वर करून बघायचा की आता पास कुणाला द्यावा. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा असायचे. गुड्रोच्या काठीवर पक आला की पॉपकॉर्नचा हात तोंडाशी जाता जाता थांबायचा. पक दुसऱ्याकडे गेला की चावणं पुन्हा सुरू. खेळाचे नियम मला पुढे हळूहळू कळले. पण बघावं कुणाकडे, ते मला त्या आजोबांच्या हातानं शिकवलं.

7 एप्रिल 2012ला टॅम्पामध्ये फेरिस स्टेटविरुद्ध राष्ट्रीय विजेतेपदाचा अंतिम सामना झाला. बॉस्टन कॉलेज 2-1नं पुढे, तीनेक मिनिटं बाकी, सगळ्यांच्या पोटात गोळा. अठरा वर्षांच्या, पहिल्याच वर्षाला असलेल्या या पोरानं बचावपटूला चकवलं, पक काठीच्या उलट्या बाजूला घेतला आणि गोलरक्षकाच्या वरून जाळ्यात टाकला. आमच्या घरात टीव्हीसमोर बारा जण होतो. खालच्या मजल्यावरच्या बाई तक्रार करायला आल्या आणि रिप्ले बघत उभ्या राहिल्या. सामना 4-1 संपला. प्रशिक्षक जेरी यॉर्क यांच्या संघाचं पाच वर्षांतलं ते तिसरं विजेतेपद.

आता तो जाणार, असं सगळे धरून चालले होते. दुसऱ्या वर्षानंतर तर नक्कीच. तोवर त्यानं रशियात ज्युनिअर विश्वविजेतेपदात अमेरिकेसाठी सर्वाधिक सात गोल करून सुवर्णपदकही आणलं होतं. व्यावसायिक करार म्हणजे लाखो डॉलर. तो गेला नाही. कारण साधं होतं: मॅथ्यू 2013 साली बॉस्टन कॉलेजला येणार होता, आणि याला भावाबरोबर एक वर्ष खेळायचं होतं. मला अजूनही वाटतं की त्याच्या सगळ्या कारकिर्दीतली ही सर्वांत सुंदर खेळी होती, आणि ती कुठल्याच आकडेवारीत सापडत नाही. पैसा काय, वर्षभरानं आलाच असता. भाऊ त्याच संघात, त्याच बर्फावर, हे पुन्हा जुळून आलं नसतं. आणि नाहीच आलं.

त्या वर्षात त्यानं 40 सामन्यांत 80 गुण केले, म्हणजे स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास मिळून. लागोपाठ 31 सामन्यांत एकदाही तो रिकाम्या हातानं परतला नाही. उपान्त्य फेरीत, फिलाडेल्फियात, युनियन कॉलेजनं बॉस्टन कॉलेजला 5-4नं हरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी, 11 एप्रिल 2014ला, त्याच शहरात त्याला हॉबी बेकर पुरस्कार मिळाला. कॉलेज हॉकीतला हा सर्वोच्च मान.

हा हॉबी बेकर कोण, हे मला तेव्हा त्या पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मध्यंतरात समजावलं होतं. प्रिन्स्टनचा खेळाडू, 1914 सालचा पदवीधर. हॉकी आणि अमेरिकन फुटबॉल दोन्हींत असा काही चमकला की दोन्ही खेळांच्या मानाच्या दालनांत त्याचं नाव आहे. हेल्मेट नाही, सोनेरी केस वाऱ्यावर, आणि सामना संपला की हरलेल्यांच्या खोलीत जाऊन प्रत्येकाशी हात मिळवणार. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये लढाऊ विमानं चालवत होता. युद्ध संपलं. घरी परतायचे हुकूम खिशात आले. 21 डिसेंबर 1918ला निघण्याआधी एक शेवटचं उड्डाण म्हणून नुकतं दुरुस्त केलेलं विमान घेऊन तो वर गेला, इंजिन बंद पडलं, विमान कोसळलं. 26 वर्षांचा होता. त्याची कबर फिलाडेल्फियाला लागून असलेल्या बाला किनविडमध्ये आहे. म्हणजे जॉनीनं ज्या शहरात तो पुरस्कार हातात घेतला, त्या शहराच्या वेशीवरच.

1981पासून दरवर्षी एका तरण्याबांड पोराच्या हातात अकाली गेलेल्या दुसऱ्या पोराचं नाव ठेवलं जातं आणि सगळे आनंदानं टाळ्या वाजवतात. यात काही विचित्र आहे असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. यायचं कारणही नव्हतं. प्रिन्स्टनच्या रिंकला 1923पासून बेकरचं नाव आहे. तिथे रोज पोरं पडतात, उठतात, शिव्या देतात. त्याला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेलं आज कुणीही जिवंत नाही. तरी नाव टिकून आहे, आणि ते टिकवणारे त्याचे कुणी लागत नव्हते. त्याला तर मूलबाळही नव्हतं.

पुढचं भराभर सांगते. पुरस्कारानंतर दोनच दिवसांनी, 13 एप्रिलला, जॉनी कॅलगरीकडून व्हँकुव्हरमध्ये एनएचएल या व्यावसायिक लीगमधला पहिला सामना खेळला आणि पहिल्याच फटक्यावर गोल केला. मग आठ सीझन कॅलगरीचा लाडका. 2021-22मध्ये 115 गुण, आणि 15 मे 2022च्या रात्री डॅलसविरुद्ध मालिकेच्या निर्णायक सातव्या सामन्यात, जादा वेळेत, 64 फटके अडवलेल्या गोलरक्षकाला ज्यानं अखेर भेदलं तो हाच. शहर रस्त्यावर आलं. दोन महिन्यांत तो कॅलगरी सोडून अमेरिकेतल्या कोलंबसच्या संघात गेला. कॅलगरीनं जास्त पैसे देऊ केल्याचं तेव्हा छापून आलं होतं. याला घरच्या माणसांच्या जवळ जायचं होतं. पुन्हा तेच कारण.

माझा मावसभाऊ कॅलगरीत तेलाच्या कंपनीत आहे, वीसेक वर्षं. सातव्या सामन्याच्या रात्री तो रस्त्यात नाचत होता, आणि जुलैमध्ये त्यानं 13 नंबरची जर्सी तळघरातल्या खोक्यात टाकली. जानेवारी 2023मध्ये कोलंबसचा संघ कॅलगरीला आला, तेव्हा जॉनीला पक मिळाला की सॅडलडोम, म्हणजे कॅलगरीचं स्टेडियम, हुर्यो करायचं, आणि मध्येच त्याच्या आठवणींची चित्रफीत लागली की तेच लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे. दादानं दोन्ही केलं. घसा दोन्हींनी सारखाच बसला, म्हणाला.

अपघातानंतर दादा ती जर्सी घेऊन सॅडलडोमच्या पायऱ्यांवर गेला. बरोबर शाळकरी लेक. पायऱ्या फुलांनी, काठ्यांनी, पत्रांनी भरून गेल्या होत्या. आणि जागोजागी दोन गोष्टी: स्किटल्सच्या गोळ्यांची पाकिटं आणि गेटोरेड या पेयाच्या जांभळ्या बाटल्या. जॉनीला हे दोन्ही फार आवडायचं, हे चाहत्यांना पाठ होतं. स्किटल्सची तर गोष्टच आहे. वडील गाय गुड्रो दक्षिण जर्सीतल्या हॉलीडेल नावाच्या रिंकवर हॉकी शिकवायचे. पोरगं चालायला लागलं तसं त्याला स्केट्स बांधून बर्फावर सोडायचे आणि थोड्या थोड्या अंतरावर या रंगीत गोळ्या ठेवायचे. गोळीच्या लोभानं तो एकीकडून दुसरीकडे सरकत राहायचा. ज्या पायांचं पुढे हजारोंनी कौतुक केलं, ते असे गोळ्यागोळ्यांनी शिकले.

दादानं फोटो पाठवला. राखाडी पायरीवर लाल पाकीट, शेजारी लेकीच्या अक्षरातली चिठ्ठी. आपल्याकडे श्राद्धाच्या पानात गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते आठवणीनं वाढतात. आजोबांसाठी आमच्याकडे अळूवडी असायचीच, मग त्या दिवशी कुणाला कितीही कामं असोत. फोटो बघताना मला तेच पान दिसलं. फक्त हे पान वाढणाऱ्यांपैकी कुणालाही ते वाढायचा अधिकार नव्हता. ना गोत्र, ना घर, ना सुतक. मी दादाला म्हटलं, "तू तर त्याला शिव्या घालायचास."

"घालायचो की. परक्याला कोण शिव्या घालतं?"

आईच्या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर मला तिथे मिळालं. चाहत्याचं नातं असंच वाकडंतिकडं असतं. समोरच्याला त्याचा पत्ताही नसतो. त्यात हक्क असतो, रुसवा असतो, हुर्यो असते. कर्तव्य मात्र काहीच नसतं. म्हणून माणूस गेला की चाहत्याची पंचाईत होते. नातेवाइकांना निदान काही करायचं असतं: फोन, भटजी, दहावं, तेरावं. याला करायला काहीच नाही. कामावरून सुट्टी मागावी तर काय सांगून? मग तो आपली आपण रीत शोधतो. 2014च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू फिलिप ह्यूज गेला तेव्हा जगभरात आणि आपल्या गल्लीबोळांतही लोकांनी दाराबाहेर बॅट टेकवून ठेवली होती. 2018च्या एप्रिलमध्ये कॅनडात हम्बोल्टच्या ज्युनिअर संघाच्या बसला अपघात होऊन 16 जण गेले, तेव्हा कॅनडाभर दारांत हॉकीच्या काठ्या उभ्या राहिल्या. कुणी शास्त्र सांगितलं नव्हतं.

कोलंबसमध्ये लोक मेणबत्त्या घेऊन जमले आणि 13 मिनिटं 21 सेकंद शांत उभे राहिले. 13 जॉनीचे, 21 मॅथ्यूचे. बॉस्टन कॉलेजमध्ये मॅथ्यूचा नंबर 21 होता. ज्यानं कुणी हे सुचवलं त्याला माझा नमस्कार. कारण खरं सांगायचं तर मॅथ्यूला आम्ही सगळेच विसरत होतो. बातम्यांचे मथळे असायचे जॉनीचे, आणि पुढे 'व त्याचा भाऊ'. हा भाऊ चार वर्षं बॉस्टन कॉलेजला खेळला, मग खालच्या स्तरावरच्या व्यावसायिक संघांतून बसनं गावोगाव हिंडला, आणि शेवटी ज्या ग्लॉस्टर कॅथलिक शाळेत दोघे शिकले तिथेच पोरांना हॉकी शिकवायला लागला. हॉकी जगते ती अशांच्या जिवावर. वडिलांचाच कित्ता त्यानं गिरवला. मी कॉन्टे फोरममध्ये त्याला खेळताना पाहिलंय, पण तेव्हा डोळे सगळे 13वर.

15 ऑक्टोबर 2024ला कोलंबसचा घरचा पहिला सामना होता, फ्लोरिडाविरुद्ध. छताशी 13 नंबरचा झेंडा चढला. मग सामना सुरू करताना कोलंबसचा संघ एक खेळाडू कमी घेऊन उभा राहिला. डावी बाजू, जिथे जॉनी खेळायचा, ती मोकळी. पंचांनी पक टाकला, घड्याळ सुरू झालं, आणि दोन्हीकडचे खेळाडू 13 सेकंद तसेच थांबले. या खेळात 13 सेकंदांत दोन गोल होऊ शकतात. मी ते टीव्हीवर पाहिलं, आणि मला पुतळे, टपाल तिकिटं, चौकांची नावं हे सगळं एकदम फिकं वाटलं. आपण स्मारक म्हटलं की काहीतरी उभारायला निघतो. यांनी फक्त एक जागा भरली नाही.

डिसेंबरमध्ये कोलंबसचा संघ कॅलगरीत आला तेव्हा दादा लेकीला घेऊन गेला होता. या वेळी हुर्यो नव्हती. मे 2025मध्ये स्टॉकहोमला अमेरिकेनं स्वित्झर्लंडला जादा वेळेत 1-0नं हरवून 1933नंतर पहिल्यांदाच विश्वविजेतेपद जिंकलं आणि खेळाडूंनी विजयाच्या फोटोत जॉनीची जर्सी मध्ये धरली. यातल्या काही गोष्टी मला जरा जास्तच सजवलेल्या वाटतात, हेही सांगून टाकते. दूरचित्रवाणीला अश्रू आवडतात, आणि कॅमेरा घरच्यांच्या चेहऱ्यावर किती वेळ रेंगाळावा याचं भान सगळ्यांना नसतं. त्या झेंड्याच्या रात्रीही मला दोनदा टीव्हीकडे पाठ फिरवून उभं राहावंसं वाटलं.

त्यापेक्षा मला जवळचं वाटतं ते त्याच महिन्यात, 31 मेला, न्यू जर्सीच्या सिवेल गावात झालेलं. वॉशिंग्टन लेक पार्कमध्ये गुड्रो कुटुंबानं पाच किलोमीटर चालण्या-धावण्याचा कार्यक्रम ठेवला. पैसे कशासाठी? जवळच्या आर्चबिशप डॅमियानो शाळेत विशेष गरजा असलेली मुलं शिकतात, जॉनीची आई जेन तिथेच काम करते. त्या मुलांना खेळता येईल असं क्रीडांगण बांधायचं होतं, चाकाच्या खुर्चीसकट जाता येईल असं. बहुतेक शाळांची घसरगुंडी आणि झोपाळे अशा मुलांच्या कामाचेच नसतात. ती कडेला बसून दुसऱ्यांना बघतात.

मीही दूरवरून नाव नोंदवलं आणि इथे चार्ल्स नदीच्या काठानं पाच किलोमीटर चालले. आईला फोटो पाठवला, छातीवर 13 आणि 21 असे दोन्ही आकडे लिहिलेला टीशर्ट घातलेला. ती म्हणाली, "बरं केलंस. आणि ती शाळा कसली म्हणालीस? आपल्याकडे सांगलीतपण आहे तशी एक, मुकादमांच्या घरामागे. तिथे झोपाळा आहे का ते बघून येते."

गेल्या आठवड्यात ती जाऊन आली. झोपाळा आहे, पण त्याच्याखाली खडी आहे, खुर्ची रुतते म्हणाली. फरशीचं किती होईल ते विचारायला तिनं गवंड्याला बोलावलंय.